तपकिरी, हिरवं, निळं

३ मार्च
बायको बहिणीकडे गेली. थोडे दिवस, म्हणाली. हिवाळी कपडेही नेले. हवेचा काय भरवसा! रिटायर झाल्यापासून म्युझियममध्ये फुकट गाइड आहे, पण तिथल्या फ्लेमिश, म्हणजे जुन्या बेल्जियमकडच्या, निसर्गचित्रावर भाषणाचा मान पहिलाच. आता निवांत तयारी. ती भाषण ऐकेल, खूश होईल, माझ्याबरोबरच घरी येईल. प्लॅन पक्का. तिला सांगितलेला नाही.

५ मार्च
रचना सोपी. खाली तपकिरी जमीन, मध्ये हिरवी झाडं, लांब निळे डोंगर. नजर आपसूक निळ्याकडे जाते. मूड शांत. चित्रात माणूस नाही, म्हणून शांत. वाक्य माझं स्वतःचं. वा!
घरातही तेच. दूध उतू गेलं.

९ मार्च
उद्यापासून रोज आरशासमोर सराव. म्हणजे रोज.

१० मार्च
सराव राहिला. आरसा धुळीनं भरलाय, फडकं सापडेना. एवढ्यासाठी तिला कुठे फोन करायचा?

१३ मार्च
मेहुणीचा फोन. दोघांत काही झालंय का, विचारत होती. छे, काहीच नाही, म्हटलं. ती म्हणाली, ताईपण हेच सांगते, इतक्या वर्षांत काहीच झालं नाही म्हणते. बघा, मतं कशी जुळतात! यालाच संसार म्हणतात. भाषणाचं आमंत्रण दिलं. दोघींना.

१६ मार्च, सकाळी
शर्टाला इस्त्री नाही. वरून कोट घालतो. कोण बघतंय!

१६ मार्च, संध्याकाळी
आली होती. एकटीच, मागच्या रांगेत.
मी नेहमीसारखा चित्राच्या डावीकडे उभा, हात डोंगरांकडे. ‘चित्रात माणूस नाही’ म्हणून मोठा पॉज घेतला. तेवढ्यात बायको म्हणाली, जरा बाजूला व्हा. झालो. माझ्या कोटामागं, तपकिरी कोपऱ्यात, एक बाई. डोक्यावर गाठोडं, चौकटीबाहेर निघालेली. लोक हसले. मीही हसलो. क्युरेटर बाई म्हणाल्या, चित्राचा सगळा मूड तिच्यामुळंच तर आहे. मी रोज तिथंच उभा राहतो.
नंतर बसस्टॉपवर बायकोला विचारलं, चित्रातली बाई तुला कधी दिसली? म्हणाली, आत आल्या आल्या. रागावली नव्हती. रागावली असती तर समजावलं असतं. घरी चल, म्हटलं. ती म्हणाली, मी का गेले, विचारलंत एकदा तरी? मग विचारलं. म्हणाली, बस आली.
बस गेली. मी हात केला होता. थोड्या वेळानं खाली घेतला.