आठव्या सोमवारचे आलू

आत्याबाई, मी तुमची सून. तुमचा उपास तुम्ही मोडला नव्हता, तो मी मोडला. एवढं एक वाक्य सांगायला मला चोवीस-पंचवीस वर्षं लागली. तुम्ही म्हणायच्या तशीच आहे बघा अजून, मंद. हे मी लिहीत नाही, नुसती बोलते आहे. तुमची पणती लिहून घेते. मी आलू म्हटलं की ती बटाटा लिहिते, आणि मी तिला वाचून दाखवायला लावून तो खोडायला सांगते. तुम्हाला कोणी बटाटा म्हणून दिला असता तर तुम्ही हातसुद्धा पुढे केला नसता.

परवा रविवारी झालं असं, की जवाहरनगरच्या क्वार्टरमागच्या अंगणात माझ्या मुलाने एक नवी शेगडी मांडली. तिला तीन पाय, वर झाकण, आणि चकचकीत जाळी. आधी त्या जाळीवर कोंबडी भाजली, मग आलू आणले, एकेक चांदीच्या कागदात गुंडाळलेला. मी म्हणाले, याले थंडी वाजून राहिली काय? सगळे हसले. मग माझी सून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, या जाळीवर कोंबडी होती. तुमचे आलू वेगळे भाजू का?" मी म्हणाले, कायले, भाज त्याच्यावरच. तिने भाजले, ताटात दिले, आणि मी ताट तसंच बाजूला ठेवलं. सगळ्यांना वाटलं म्हातारी आता सोवळी झाली. मी आणि सोवळी! मी विचार करत होते की या पोरीने विचारलं तरी. मी तुम्हाला विचारलं नव्हतं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा काढला, त्याच्या नंतरच्या सालातली ती गोष्ट. तुम्ही तेव्हा येईल-जाईल त्याला सांगायच्या, "माहं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात टाकलं बापा, मले इचारलं काय कोनी?" त्याच वर्षी तुमच्या लेकाचं पोट फुगायला लागलं, डोळे हळदीसारखे झाले. आमचा मुलगा नागपूरला शिकायला होता, म्हणून आपण दोघीच त्यांना घेऊन भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरने मला बाजूला घेऊन एक शब्द सांगितला. मग तुम्हाला बाजूला घेऊन तोच सांगितला. दारू. एसटीने परत आलो, लाखनीला उतरलो, त्यांना सायकलरिक्षात बसवून आपण मागून चालत घरी आलो, आणि तो शब्द दोघींपैकी कोणीच घरात आणला नाही. वाटेत कुठे टाकून दिला देव जाणे. डॉक्टरने तेल बंद केलं होतं, ते मात्र आपण घरभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळ करून महादेवापुढे उभ्या राहिल्या आणि नवस बोलल्या. अकरा सोमवार. दिवसभर पाणीही नाही, दिवस बुडता बुडता तीन आलू, मिठाशिवाय, आणि तेही चुलीवरचे नाहीत, कारण चुलीवर भात शिजतो, कालवण होतं. नवस पुरा होईपर्यंत घरात मासोळी येणार नाही, अंडंही नाही. हायवेवरच्या वेल्डिंगवाल्याकडून तुम्ही सळ्यांची जाळी करून आणली. ती फक्त सोमवारी खाली उतरायची, एरवी गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेली. "या जाळीले दुसरं काही लागलं नाही पाह्यजे," तुम्ही मला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा नुसतं बोट दाखवलं.

अंगणात घमेल्यात निखारे, वर ती जाळी, आणि तुम्ही बाजूला पाटावर बसलेल्या आहात. दिवसभराच्या उपासाने तोंड सुकलं आहे पण बोलणं काही सुकलेलं नाही. आलू भाजणारी मी, आंघोळ करून, ओल्या केसांनी. "निखारे लाल हायेत तवर ठेवू नोको, राख पांघरू दे त्याईले." मी थांबते. "आता ठेव. काडी नोको टोचू वो, वाफ जाते." मी काडी टाकते. दर घडीला मी आलू उलटून पाहते आणि तुम्ही म्हणता, "आलू हाय थो, पोरगी पाहाले आली काय? घडीघडी कायले तोंड पाहून राहिली?" चिमटा घेतला तर तो हिसकावता, बोटांनीच फिरवायला लावता. बोट भाजलं की माणूस झटपट शिकतो, असं तुमचं म्हणणं. साल आतून सुटली की आलूतून बारीक आवाज येतो, सूं करून, तो ऐकायचा आणि उतरवायचा. सात सोमवार मी तसे भाजले. सातही वेळा तुम्ही म्हणाल्या की कच्चा आहे, नाहीतर करपला आहे. एकदा म्हणाल्या की दोन्ही आहे.

आठव्या सोमवारच्या आदल्या दिवशी तुम्ही आलू आणायला लाखनीला गेल्या. उन्हाळा लागत होता, तलावांचं पाणी उतरलं होतं आणि गावात मासोळ्याच मासोळ्या झाल्या होत्या. मासोळीवाली दारावरून ओरडत गेली, आणि तुमचा लेक खाटेवर उठून बसला. दहा दिवसांत ते स्वतःहून उठले नव्हते. घास दिला की तोंड फिरवायचे.

"एक मासोळी भाजून दे वो," म्हणाले.

"आत्याबाईचा नवस चालू हाय."

"माय बाजारात गेली. मी कायले सांगतो तिले?"

"डॉक्टरनं तेल बंद केलं."

"म्हनून तं भाजाले सांगून राहिलो."

"कायच्यावर भाजू? तव्यावर बिनतेलाची चिकटते."

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

मी जाळी काढली, आत्याबाई. कोणी मला धरून काढायला लावली नाही. दोन मासोळ्या घेतल्या, हळद-मीठ लावलं, आणि तुम्ही शिकवलं तसे निखारे राखेने पांघरू दिले. एक पूर्ण खाल्ली त्यांनी. काटे बोटांनी काढून पानाच्या कडेला ओळीने लावले, लहानपणी लावत असतील तसे. बोटं चाटून म्हणाले, "माय तीन आलू खाऊन देवाले गाठून राहिली, माही तं एका मासोळीत त्याची गाठ पडली." मी हसले. तुमचा नवस अंगणात, घमेल्याशेजारी पडला होता, आणि मी त्या आजारी माणसाबरोबर पोट धरून हसले. लग्नानंतर आम्ही दोघं तसे किती वेळा हसलो असू, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

मग जाळी राखेने घासली, चिंच लावून घासली, पुन्हा राखेने घासली, निखाऱ्यात लाल करून काढली आणि खुंटीवर टांगली. सोमवारी संध्याकाळी मनात आलं, जाळी तुटली म्हणावं, आलू सरळ निखाऱ्यात घालावे. पण तुम्ही तुटलेली जाळी पाहायला मागितली असती, तुमचा स्वभाव मला माहीत नाही काय. मी आलू जाळीवर ठेवले. भाजले. तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही पहिला सोलला, फुंकला, तोंडात टाकला आणि थांबल्या. तुम्ही म्हणाल्या, "आज चव आली वो आलूले. तुहा हात बसला आता." तीस वर्षं मी तुमच्या घरात रांधत होते. तुमच्या तोंडून पहिलं बरं निघालं ते त्या दिवशी, आणि ते माझं नव्हतं, मासोळीचं होतं.

दहाव्या सोमवारनंतर तीन दिवसांनी ते गेले.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि तुम्ही सोमवार धुंडाळत बसल्या. चौथ्या सोमवारी पेज ढवळताना थेंब जिभेवर गेला होता काय? सहाव्याला दिवस पुरा बुडला होता ना? का अजून उजेड होता? शेजारणीला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं. दारूचं नाव तेव्हाही घेतलं नाही. लेकाच्या माथी काही लावण्यापेक्षा तुम्हाला ते स्वतःच्या माथी बरं वाटलं, आणि मी तुम्हाला तिथेच राहू दिलं. एका सकाळी ज्वारी निवडताना तुम्ही मला विचारलं, "तुले आठवते काय वो? माह्या हातून काही चुकलं काय?" मी म्हणाले, "नाही जी, तुमच्या हातून काही नाही चुकलं." बघा किती खरं बोलले. शाळेत गेले असते तर वकीलच झाले असते.

त्यानंतर तुम्ही कधी आलू खाल्ला नाही. आणि मला बोलणंही सोडलं. भात गिचका झाला तरी गप्प खायच्या. धानाच्या कोठीची किल्ली तुम्ही स्वतः कमरेची सोडून माझ्या हातात दिली. चहा हवा असला की विचारायच्या, "मांडू काय थोडा? दूध असंन तं." तुमच्याच घरात, तुमच्याच गाईचं दूध. बाया म्हणायच्या, सासू-सुनेत किती माया आली बघा दुःखाने.

मग ती दुपार, बोडीच्या पाळीवरची. आपण तिच्या पाण्यात कपडे धुऊन बांधावर बसलो होतो. तुम्ही हातातले चांदीचे गोट काढले, माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "दुसरी सून असती तं मले रोज बोलली असती. तुह्या नवसानं माहा नवरा खाल्ला म्हनून. तू एका शब्दानं बोलली नाहीस." त्या वेळी मी सांगायला हवं होतं. पाळीवर दुसरं कोणी नव्हतं. शब्द जिभेवर होता, मासोळी एवढाच तर शब्द. मी म्हणाले, "राहू द्या जी, ऊन वाढलं, चला." आणि गोट घेतले. हातात कधी घातले नाहीत, पण परत तरी कुठे दिले?

तुमची पणती लिहिताना थांबली आहे. म्हणते, "आजी, मासोळीनं कोणी मरतं का? आजोबांचं लिव्हर गेलं होतं." मला माहीत आहे ग, मी म्हणाले. देवाला एका जाळीचं काय पडलं असणार, तेही मला माहीत आहे. पण आत्याबाईंना पडलं होतं. त्या सहा वर्षं स्वतःला लेकाची मारेकरीण समजून जगल्या आणि तशाच गेल्या. त्यांना एका वाक्यात मोकळं करता आलं असतं, मग त्यांनी मला झाडूने मारलं असतं, घरातून काढलं असतं, गावभर सांगितलं असतं. एवढंच ना?

ती विचारते, या कागदाचं काय करायचं, वैनगंगेत सोडू का. मी म्हणाले नको, तिथे मासोळ्या आहेत, त्यांनी आम्हा दोघींत आधीच पुष्कळ केलं आहे. राहू दे घरीच. वाचणारी तर गेली, आणि बोलणारीला वाचता येत नाही.

आता एक राहिलं. ती म्हणते हे नको लिहायला, मी म्हणाले लिही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या भीतीने गप्प बसले. भीती होती, पण ती पहिल्या दोन महिन्यांची. त्यानंतर भ्यायला काही उरलंच नव्हतं, तुम्ही इतक्या मऊ झाल्या होत्या. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा मान वर केली असती, पुन्हा पाटावर बसून माझा भात कच्चा म्हणाल्या असत्या. तुम्ही मला विचारून चहा मांडत होत्या, आत्याबाई, आणि मला ते बरं वाटत होतं.