माझा आवाज माफी मागतो

चि. ठोकळ्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? वाकून रंधा मारत बसू नकोस म्हणून बजावले होते. ऐकले नसशील, म्हणजे दुखतच असेल. शेक घे. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? आमच्या तब्येती ठणठणीत आहेत. चांगले सांगण्यासारखे तेवढेच.

तू लिहितोस, 'ताई, आयुष्यभर ओरडलीस, आता यंत्र बोलतेय तर आराम कर.' तेव्हा हे नीट वाच. बसस्टँडच्या चौकशी खिडकीतून मला सगळे आवार दिसायचे. कोणती गाडी कुठे लागली, कोणी रांग मोडली, हे दिसले की मी माइकवरून सांगायचे. (सांगायचे. ओरडायचे नाही. शब्द जपून वापर.) मग आगारप्रमुखांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचे ठरवले. एक इंजिनियर आला आणि शिंप्याने माप घ्यावे तसा माझा आवाज घेऊन गेला. मी वाचत होते आणि तो सारखा म्हणत होता, 'मॅडम, जरा हसून.' मी वक्तृत्वात कॉलेजात बक्षीस मिळवलेली बाई, हसून दाखवले. तिथेच घात झाला. खिडकीत यंत्राचा पडदा बसला आणि मी घरी बसले. निवृत्तीला अजून अवकाश आहे, तरी महिनाअखेर माझी नोकरी संपवायचा त्यांचा विचार आहे.

ते यंत्र आता दिवसभर माझ्या आवाजात माफी मागते. गाडी उशिरा आली, क्षमस्व. आलीच नाही, मनापासून क्षमस्व. कोणी विचारले, माझी गाडी गेली का, तर म्हणते, 'फारच छान प्रश्न!' पहिल्याच दिवशी स्टँडवर घबराट पसरली. मला माफी मागताना कोणी कधी ऐकलेले नाही, त्यामुळे बाईंची निरवानिरव चालली आहे असा सर्वांचा समज झाला. कॅन्टीनवाला तोंड पाडून घरी आला. मी दार उघडून 'पाय पुसून या' म्हटले, तेव्हा बिचाऱ्याच्या जिवात जीव आला.

त्याहून कमाल तुझ्या भाऊजींची. दारातला पेपर घ्यायलाही न उठणारा हा माणूस रोज दुपारी फिरायला जाऊ लागला. परवा छत्री विसरले म्हणून मी मागोमाग गेले, तर हे स्टँडच्या बाकावर, कर्ण्याखाली, डोळे मिटून बसलेले! मी तोंड उघडणार तेवढ्यात कर्ण्यातून मीच म्हणाले, की इस्पितळाची गाडी फलाट तीनवर उभी आहे, कृपया बसून घ्यावे. तिथे गाडी नव्हतीच. तिथे खडीचा ढीग होता. सकाळी कोणीतरी ट्रकभर खडी ओतली, म्हणून ड्रायव्हरने गाडी वर्कशॉपमागे लावली होती. यंत्राच्या वेळापत्रकात खडी नाही. डोळ्याला पट्टी बांधलेल्या एक आजी नातीचा हात धरून त्या ढिगावर चढत होत्या, कारण बाईंनी सांगितलेय! (लोकांचा माझ्या शब्दावर अजून विश्वास आहे, म्हणून तर जास्त संताप आला.) मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ठोकळ्या, मी छत्री उगारली आणि माइकशिवाय गरजले, 'खडीवरून उतरा! गाडी मागे आहे! ड्रायव्हर, इंजिन बंद!' सगळे स्टँड वळले. इंजिन बंद झाले. कॅन्टीनवाल्याने कारण नसताना शेगडी बंद केली. आगारप्रमुख बाहेर आले ते शर्टाचे बटण लावतच.

आजी गाडीत बसल्यावर प्रमुख म्हणाले, 'बाई, उद्या या. असेच रागावलेले रेकॉर्ड करून घेऊ, यंत्र शिकेल.' मी विचारले, 'कोणावर रागावू?' म्हणाले, 'कोणावरच नको. सर्वसाधारण.' सर्वसाधारण गडगडायला मी काय आभाळ आहे? रागवायला समोर माणूस लागतो. तो दिसावा लागतो, आता हा पडेल अशी धास्ती वाटावी लागते. वेळापत्रक यंत्राने खुशाल म्हणावे. माझ्यापेक्षा चांगले म्हणते, घसाही बसत नाही. पण आवाराकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवे. तेव्हा सोमवारी मी त्या खिडकीत जाऊन बसणार. परवानगी मागितलेली नाही. प्रमुख 'बघू' म्हणाले आहेत. ते बघेपर्यंत मी आवार बघीन. आणि यंत्राने कापलेल्या दारावरून तू अजून हात फिरवून पाहतोस ना? मग मला आराम शिकवू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. माझी खुर्ची त्यांनी उचलून नेली. यंत्राच्या पडद्याच्या वरून आवार दिसेल एवढे उंच स्टूल रविवारपर्यंत करून पाठव. पत्र त्यासाठीच लिहिले. पाठीचे कारण चालणार नाही.

आणखी ता. क. तुझ्या भाऊजींना विचारले, तिथे ऐकता तरी काय? म्हणाले, 'तिथे तू मला कृपया बसून घ्या म्हणतेस.' आज जेवायच्या वेळी मी तसे म्हणून पाहिले. बसलेले होते ते उठून उभे राहिले आणि विचारले, 'डॉक्टरांना बोलावू का?'

शेवटचा ता. क. स्टुले दोन कर. दुसरे बुटके चालेल. त्यांना बाहेर बघायचे नसते, नुसते ऐकायचे असते. कृपया.