शाइनीच्या कोंबड्या

प्रिय शाइनी,

तू माहेरी परत गेल्यावर दोन महिन्यांनी तुझ्या कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली. अंगणभर पिसं, अंडी बंद. मला वाटलं, रोग आला. माझ्या पोरामागोमाग, साबूमागोमाग, त्याही जाणार. मी सुरी काढलीच होती, तेवढ्यात शेजारची म्हातारी कुंजेली चेडत्ती कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं एलिक्कुट्टी, दरसाल टाकतात त्या. सगळं सून करायची, तुला कुठनं ठाऊक असणार?"

खरंच ठाऊक नव्हतं. मग तिनं सांगितलं तसं करत गेले. पिसं उगवायला मासळी लागते म्हणे, म्हणून सुकी तारली कुटून घातली. नव्या पिसांच्या खुंटांत रक्त असतं, हात लागला तरी दुखतं, म्हणून उचलणं सोडलं. तुझी तांबडी आता पुरती भरलीय, मानेवर तर आधीपेक्षा दाट.

काळी मात्र राहिली नाही. पाठ पार उघडी पडली होती. मी चर्चला गेले होते, तेवढ्यात बाकीच्यांना रक्ताचा ठिपका दिसला आणि त्यांनी तिला टोचून टोचून फाडली. हळद लावली, टोपलीखाली वेगळी ठेवली. सकाळी गार पडली होती. चेडत्ती रागावली, "आधीच वेगळी करायची होतीस. बघत काय बसलीस?"

तेव्हापासून मला जेवण जात नाही. साबूला पुरलं त्या दिवशी माझ्या मुली तुला घेरून विचारत होत्या, "नवरा मरत होता तेव्हा माहेरी काय करत होतीस?" तू म्हणालीस, "मला कुणी कळवलंच नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, फोन केला होता.

मोळे, माझ्या लेकी, मी फोन केला नव्हता. तापाच्या तिन्ही दिवसांत तो तुलाच मागत होता. मी सांगायचे, "कळवलंय, येत नाही म्हणाली." त्याचा फोन बंद करून माझ्या पिशवीत ठेवला होता. वाटलं, चार दिवसांत उठेल, आणि बायको आली नाही हे जन्मभर लक्षात ठेवील. तो मरेल असं मला वाटलं नव्हतं. काल दोघी मुलींना बोलावून हे सांगितलं. धाकटी उठून गेली. माफी मागायला लिहीत नाही. तो तुझी वाट बघत होता, एवढं तुला कळायला हवं. शेवटी त्यानं विचारणं सोडलं, भिंतीकडे तोंड केलं. माझं बोलणं त्याला खरं वाटलं होतं.

तुझीच,
अम्मची