फाट्यावरच्या दोघी

७ फेब्रुवारी १९६२, उमरखेड

सत्यानाश केला लालीनं! माझ्या नाटुकल्याचा शेवट किती साधा होता — दोघी मैत्रिणी फाट्यावर येतात, एक वाट गावाकडे, एक शहराकडे. हातात हात घालून शहराची वाट धरायची, पडदा. हिनं काय केलं? भर स्टेजवर माझ्या गळ्यात पडली अन् सुरात रडायला लागली! मी ठोंब्यासारखी उभी. पडदा पडला. टाळ्या मात्र कडकडून.

शाळेच्या मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटी ताटातूट झाली गं बिचाऱ्यांची!"

ताटातूट? कोणी लिहिली ताटातूट?

८ फेब्रुवारी

लालीला विचारलं, असं का केलंस? "तुले काय वाटलं?" म्हणे. उलट मलाच!

९ फेब्रुवारी

अन्न गोड लागत नाही. सातवी झाली की दोघींनी यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, एका खोलीत राहायचं — ठरलेलं आहे. पण बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शाळेत येणारी ती एकटीच, अन् तिचे बापू अजून हो म्हणत नाहीत. माझं काय, आमचे बाबा माझा शब्द खाली पडू देत नाहीत. म्हणजे लालीला नकार मिळाला असणार, अन् तो तिनं मला स्टेजवर सांगितला. दुसरं काय!

१३ फेब्रुवारी

बाजारात लालीची आई भेटली, रामीबाई. धीर करून सगळं सांगितलं. त्या हसल्याच! "आमच्यात लय दिसानं भेट झाली का बाया अशाच गळ्यात पडून रडतेत."

भेट! मोठ्या बाईंना काय कळतं! मी तिथंच उडी मारणार होते, तर म्हणाल्या, "पोरगी सासरी निघाली तरी बी अशीच रडते."

मग लालीचं कोणतं?

"तिलेच पूस ना."

१४ फेब्रुवारी

पुसलं. लाली भडकली. "मले रडू आलं, मी रडली! तू लिवलं म्हून का हासत जाऊ? तांडा सोडाले भेव नाही लागत का मले?"

म्हणजे येणार की नाही? देवा!

१४ जून

लालीचे बापू हो म्हणाले. स्वतः पोचवायला गेले, आज सकाळच्या गाडीनं.

काल जेवताना बाबा म्हणाले, "मास्तरीण होऊन काय करशीन? ढाणकीचे पाहुणे पाहाले येऊन राह्यले तुले."

लालीनं जाताना दारातून हाक मारली. मी ओ दिली नाही.