बिबट्यासाठी मेटल

जुन्नर, मंगळवार, मार्च २००४

त्या हेवी मेटल गाण्याचा मधला तुकडा गिटारवर काही जमत नाही. हळू वाजवला की बरोबर येतो, वेग वाढवला की मनगट आखडतं. त्यात महिनाभर आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, एकच, "बंद कर ते, म्हशी पान्हा चोरत्यात."

आज संध्याकाळी मात्र आप्पा स्वतःच दारात आले. शेजारच्या उसात बिबट्या दिसलाय, आणि यांना उसाला पाणी द्यायला जायचंय.

"स्पीकर खिडकीत ठेव. मी येईपर्यंत वाजव, थांबू नको."

वाजवत राहिलो. नजर उसावर, मनगटाची आठवणसुद्धा नाही.

आप्पा धडधाकट परतले. म्हणाले, "लई भेसूर वाजिवलंस. असंच वाजवत जा, सुधरू नको."

मधला तुकडा आज पहिल्यांदाच बिनचूक आला होता.