अकरा फोटोंची वेळ

३ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

गुडघा दुखत असूनही वेधशाळेचे जिने चढतेस, असं बाबा सांगत होते. निवृत्त झालीस ना गं?

आमचं यान मे महिन्यात तुझ्या लाडक्या धूमकेतूजवळून जाणार आहे. कॅमेरा कुठे वळवायचा ते माझ्या आकड्यावर ठरणार, आणि तो पंधरा तारखेला द्यायचाय. चुकला, तर रिकाम्या आभाळाचे फोटो येतील. हे बेणं उन्हाने तापलं की वाफ सोडतं आणि त्या धक्क्याने वाटेवरून सरकतं, म्हणून जुने फोटो हवेतच. सगळ्यांत जुने तुझे, छत्तीस वर्षांपूर्वीचे. पण त्या अकराही फोटोंत तो हिशेबापेक्षा थोडा पुढेच दिसतो. साहेब म्हणतात, वगळा. तुझं काम चुकेल, हे माझ्या गळी उतरत नाही. काही आठवतं का?

माया आहेच, ती वाढव.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. एकेका फोटोला चाळीस मिनिटं लागायची आणि वहीत त्यातली मधली वेळ लिहायची पद्धत होती. मी नवखी. कॅमेऱ्याचं झाकण उघडलं की घड्याळ बघून तीच वेळ लिहून मोकळी! चूक बाराव्या फोटोला कळली. ती कबूल करायची छाती झाली नाही. तिथली पहिलीच बाई मी, सगळे टपून बसलेले. पुढे कुणी मला काटेकोर म्हटलं की मी विषयच बदलायची. तुझ्या बाबालाही कधी बोलले नाही.

अकराही वेळांत वीस मिनिटं मिळव. साहेबांना खरं तेच सांग, माझ्या चुकीवर पांघरूण घालू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझी आत्या

४ मे

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

वीस मिनिटं मिळवली आणि अकराही फोटो चपखल बसले. ते वगळले असते, तर कॅमेरा आठशे किलोमीटर बाजूला बघत राहिला असता. काल धूमकेतू अगदी मधोमध आला! मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. फोटो सोबत आहे.

तुझी चूक अहवालात लिहिली. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाले, वेळ सोडली तर इतकं बिनचूक मोजमाप त्यांनी पाहिलेलं नाही. बाईंना नमस्कार सांगितलाय.

आशीर्वाद असू दे.
चिमणी

११ मे

चि. चिमणीस, अ. उ. आ.

भिंग घेऊन दोन दिवस फोटोच बघते आहे. केवढं काम केलंस गं पोरी! छत्तीस वर्षं मला धास्ती होती, की कुणीतरी माझी वही नीट वाचेल. बरं झालं, ती तू वाचलीस.

तुझी आत्या