झाकणाला पाडलेलं भोक

रविवार, संध्याकाळ. कुपवाड.

आज विमान पूर्ण दहा मिनिटं उडालं आणि मला काडीचा आनंद नाही.

महिनाभर तेच चाललं होतं. माझ्या मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन जमिनीवर छान चालायचं, पण वर गेलं की तीन मिनिटांत दम सोडायचं. कार्बोरेटरचे स्क्रू पिळून पिळून मी थकलो. मागच्या रविवारी आबा मैदानावर आले होते. सैन्यात बावीस वर्षं गाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. माझे वडील. वाकून बघितलं आणि म्हणाले, "आरं, झाकणात हवा शिरतीया, पण भाईर जायला वाट कुठं हाय? तापून मरतंय ते."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, ह्यो तुमचा मिलिटरीचा ट्रक न्हाई. गप बसा."

ते तसेच मैदानातून निघून गेले. आज आलेच नाहीत.

काल त्यांना न सांगता मी इंजिनावरच्या झाकणाला खालून भोक पाडलं. एवढंच. एक भोक! आज उडवून खाली उतरवल्यावर मित्रांनी विचारलं, दोष कुणी शोधला? मी म्हणालो, मीच. का म्हणालो असं? कुणाला भ्यालो?

घरी आलो तर आबा दारातच होते. "उडालं का रं? काय झालं हुतं त्याला?"

"कार्बोरेटरच हुता, आबा."

"व्हय? मग माझंच चुकलं बघ," म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.